बुलढाण्यात बसून, ऊन-ऊन कुठे जेवावं?

ठरलं ते भांडणातून. देऊळगाव राजात मी डबे करते. बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले मिळून बावीस डबे, गेली दहा वर्षं. डबे गेले, ह्यांचं जेवण झालं, ओटा पुसला, की मग माझं ताट. तोवर भाजी गार आणि पोळी चामट. जानेवारीतल्या एका दुपारी असंच गार वांगं चिवडता चिवडता मी आमच्या ह्यांना म्हटलं, "मले एकदा बसून जेवायचं हाय. ऊन-ऊन. दुसऱ्या कोणी रांधलेलं, दुसऱ्या कोणी वाढलेलं. मधात न उठता."

"तुले जमणार नाई," पेपरातून तोंड न काढता हे बोलले. "तू तं लोकाइच्या लग्नातबी पंगतीतून उठून वाढाले लागते."

झालं! लागली पैज. दोन दिवस बुलढाण्याला जायचं. तिथे एक तरी जेवण मी असं जेवले, तर दरवर्षी दोन दिवस डबे बंद. नाही जमलं, तर सुट्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती, ती काय मी सहजासहजी घालवणार होते?

तुम्ही विचाराल, बुलढाणाच काऊन? अहो, डोंगरावर बसलेलं थंड हवेचं गाव आपल्या दाराशी असताना लांब कशाला मरायला जायचं! सकाळची एसटी घ्या. चिखलीत गाडी बदलावी लागली तरी कुरकुर करू नका, कारण स्टँडजवळ आलूबोंडा मिळतो आणि त्यावर गरम कढी ओतून देतात. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे मी हाफ आणि हे फुल, म्हणून खिडकी मी घेतली. चिखली सोडल्यावर हवा बदलते. बुलढाण्यात उतरलो तर भर अकरा वाजता लोक स्वेटर घालून फिरत होते. मी खुशीत ह्यांच्या पाठीवर एक धपाटाच घातला. माणसांसमोर. हे इतके लाजले की पुढची दहा मिनिटं माझ्या चार पावलं पुढे चालले.

दुपारी बाजारातल्या एका खानावळीत शिरलो. शंभर-सव्वाशेत थाळी: भाकरी, शेवभाजी, वरण-भात, ठेचा, वर कांदा. चार टेबलं, आणि सगळं एकटीनं सांभाळणाऱ्या एक काकू. मी ऐटीत बसले, पदर सावरला, पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात आतून वास आला. लसूण करपत होता! काकू बाहेर पाणी ठेवत होत्या. मी बसून राहिले? छे! उठले, आत गेले, गॅस बारीक केला.

"अवो ताई, तुमी काऊन उठल्या?" काकू धावत आल्या.

"लसूण जळून राह्यला होता ना!"

"देव पावला बाप्पा. मंग तेवढी तव्यावरची भाकर पलटवता का? माहे हात गुतले."

ती एक पलटवली, मग दुसरी थापली, मग पंधरा झाल्या. बाहेर आले तेव्हा हे ढेकर देऊन बोटं चाटत होते. "भाकर एक नंबर होती," म्हणाले. मी आतच उभ्याउभ्या चार घास गिळले होते. काकूंनी माझे पैसे घेतले नाहीत, पण ते काही जेवण नव्हे. तुम्ही मात्र नक्की जा. शेवभाजी झणझणीत आहे, फक्त स्वयंपाकघराकडे पाठ करून बसा.

संध्याकाळी टेबलावर कापड घालणाऱ्या हॉटेलात गेलो. पनीर, दाल, बटर रोटी, दोघांचे साडेपाचशे. आता इथे उठायला कारणच नव्हतं! मी उठलेही नाही. पण वाढपी भांडी टेबलावर ठेवून गेला आणि माझा हात आपोआप पळीकडे गेला. ह्यांना भाजी वाढली, दाल वाढली, लिंबू पिळलं. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंना भांडं उचलवेना, त्यांनाही वाढलं. माझी रोटी तोंडात घातली तर चपलेच्या तळव्यासारखी. हे हसून हसून खोकायला लागले, तर पाणीही मीच ओतून दिलं. मला रडायलाच येत होतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजूर घाट बघायला रिक्षा केली. मोताळ्याच्या रस्त्याला हा घाट लागतो. खाली दरी, वर ऊन, अंगाला गार वारा. जायचं तर सकाळीच जा आणि वळणांवर उभं राहून फोटो काढू नका, ट्रक येतात. घाटातल्या एका देवळाजवळ धूर दिसला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे; भाजायचे, राख झटकायची, फोडून वरणात कुस्करायचे, सोबत वांग्याची भाजी. भाजणारे सगळे पुरुष. ह्यांची भूक खवळली आणि ह्यांनी सरळ विचारलं, "काय हो, ताट काय भाव?"

पांढऱ्या मिशांचे एक आबा चिमटा घेऊन उभे राहिले.

"भाव? हॉटेल दिसलं काय तुमाले? नवसाचे रोडगे हाय हे!"

ह्यांचा चेहरा उतरला. मी मध्ये पडून माफी मागितली. आबा लगेच विरघळले. ते उंद्री गावचे. लेक पोलीस भरतीत तीनदा राहिली, चौथ्यांदा लागली. "म्या बोललो होतो, पोरगी लागली तं गड्याइच्या हातानं रांधीन, पयली पंगत बायाइची बसवीन, अन् पंगत उठेस्तोर एकबी बाई जाग्यावरून हलू देणार नाई. बस माय तू."

मी बसले. पत्रावळीवर रोडगा पडला, वाफाळता! पण शेजारच्या म्हातारीच्या रोडग्यावर वरण नव्हतं आणि वाढणारा पार दुसऱ्या टोकाला. माझा गुडघा उचलला गेला. खरं सांगते, मी नाही उचलला.

"माय, बस!" आबा तिकडून ओरडत आले. "तू उठली तं माहा नवस फिटत नाई!"

आता काय करता! माझी पैज राहिली बाजूला, त्या माणसाचा देवाशी झालेला करार माझ्या गुडघ्यावर येऊन ठेपला होता. मी मांडी घट्ट घातली आणि पदर खाली दाबून बसले. आबांनी वरणाची बादली उचलली आणि ह्यांच्या हातात दिली. "भाव इचारता ना? हा घ्या भाव. वाढा."

हे वाढायला लागले. म्हातारीला वाढलं, मग मला. निम्मं रोडग्यावर, निम्मं माझ्या साडीवर. "घे ना अजून," म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकले. जीभ भाजली तरी मी खातच राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं. तीन रोडगे खाल्ले. तीन!

ह्यांचा नंबर शेवटच्या पंगतीत लागला. भाजी गार झाली होती. गपगुमान जेवले. परतीच्या एसटीत चिखली आल्यावर एवढंच बोलले, "हरलो बाप्पा."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले, बावीस डबे भरले. झाकणं लावायच्या आधी मी एक ताट घेतलं, खाली बसले आणि माझीच वांग्याची भाजी, माझीच पोळी, तव्यावरून उतरल्या उतरल्या खाल्ली. डबे वीस मिनिटं उशिरा गेले. दहा वर्षं लोक म्हणत होते, ताई, तुमच्या हाताला चव आहे. मला वाटायचं, बोलायचं म्हणून बोलतात. खोटं नव्हते हो बोलत.