वेबरकाकांच्या बंदुकीचा बोल्ट

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तेव्हा निदान चहाचा कप आधी खाली ठेवा.

आम्ही तेव्हा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला होतो, २०१४च्या आसपास. मी मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या वंगणतेलांच्या लॅबमध्ये. म्हणजे दोन धातू एकमेकांवर कुरकुरले की लोकांनी मला बोलवायचं! आता हे सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरायची काही गरज होती का? पण फिरलो होतो.

वरच्या मजल्यावर वेबरकाका राहायचे. सत्तरीचे, रिटायर्ड पोस्टमन आणि शिकारी. तिकडे शिकारीलासुद्धा परीक्षा, परवाना, क्लब, सगळं रीतसर असतं. त्यांच्याकडे वडिलांची जुनी रायफल होती. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायला मागेपुढे ओढतात तो दांडा, खरखरायचा आणि ऐन वेळी अडकायचा. क्लबातले मित्र टर उडवायचे. एकदा जिन्यात वेबर मला म्हणाले, शनिवारी पुन्हा अडकला तर रायफल विकून टाकतो आणि शिकारही सोडतो. मला वाईट वाटलं.

“मी करून देतो की,” मी म्हणालो.

खरं सांगू? या औदार्याचं निम्मं कारण सासूबाई होत्या. त्या पुण्याहून महिनाभर राहायला आल्या होत्या. जावई नुसता लॅपटॉपकडे बघत बसतो, हातानं काही येत नाही, असं त्यांचं मत. बोलल्या कधीच नाहीत. पण बेसिनचा नळ गळायला लागला तेव्हा त्यांनी हाक मुलीला मारली, मला नाही!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेबर फक्त बोल्ट घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून. रायफल वर कुलपात. कायद्यानं बोल्टही दुसऱ्याकडे सोडून जाता येत नाही, म्हणून स्वारी आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली. सासूबाईंना मी ‘मशीनचा पार्ट आहे’ एवढंच सांगितलं. शुद्ध शाकाहारी बाई, शिकारीचं कशाला सांगा! त्यांनी पाहुण्यापुढे चकल्या ठेवल्या.

मी बाह्या सरसावल्या. बारीक पॉलिश पेपर, मग पेस्ट, मग मऊ फडकं. घासणं कमी आणि भाषण जास्त. पण बोल्ट असा चकाकला की वेबरांच्या हातातली चकली हातातच राहिली. आता शेवटी फक्त तेल द्यायचं होतं. ते म्हणाले, माझं बंदुकीचं तेल वर आहे, आणतो.

मी म्हटलं, नाइन, मुळीच नाही! रानडुकराचं नाक केवढं तिखट. त्या केमिकल तेलाचा वास त्याला लगेच लागणार. आपल्याला हवं नैसर्गिक तेल. आणि समोर हीटरवरच सासूबाईंची खोबरेलाची बाटली होती. आमच्या घरी शिलाईमशीनपासून बिजागरीपर्यंत हेच चालतं, असं सांगत मी बोल्टला आतबाहेर सढळ हातानं अभ्यंगस्नान घातलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” वेबर म्हणाले. “तज्ज्ञ तुम्ही आहात.”

सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या. मी हात वर केला. “आई, हे टेक्निकल आहे.”

वर जाऊन बोल्ट रायफलीत बसवला, तर असा सरकला म्हणता! वेबरांनी माझा हात किती वेळ सोडलाच नाही. आणि खाली आल्यावर सासूबाई म्हणाल्या, हात चांगला आहे हो तुमचा. लग्नानंतर प्रथमच. मी दोन दिवस हवेत होतो.

शनिवारी बाहेर कडाक्याची थंडी, शून्याच्या बरीच खाली. दुपारी बेल वाजली. दारात वेबर, टोपी हातात, नाक लाल, बगलेत तोच टॉवेल. त्यांनी आत येऊन शांतपणे हकिगत सांगितली. पहाटेपासून जंगलात बसले होते. एक दांडगं डुक्कर आलं, आजवर कधी आलं नव्हतं इतकं जवळ. नाक वर करून हुंगत हुंगत थेट त्यांच्याकडेच. यांनी बोल्ट ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, हलेना. डुकरानं थोडा वेळ ही झटापट बघितली आणि सावकाश निघून गेलं. शेजारच्या मचाणावरचे मित्र हसून हसून खाली पडायच्या बेतात.

त्यांनी टॉवेल उघडला. बोल्टवर पांढरीशुभ्र साय.

सासूबाई पुढे आल्या, बोल्ट बघितला, मग हीटरवरची बाटली बघितली.

“अहो, मी त्या दिवशी तेच विचारणार होते. इथल्या थंडीत हे गोठत नाही का? म्हणून तर मी ते हीटरवर ठेवते.” मग त्यांना डुकराचं सगळं सांगावंच लागलं. तर म्हणतात कशा, “म्हणजे जीव वाचला ना बिचाऱ्याचा? मग चांगलं केलंत.”

वेबरांनी बोल्ट गरम पाण्यानं धुतला, स्वतःचं तेल लावलं आणि रायफल काही विकली नाही. उलट जाताना खोबरेलाची बाटली मागून घेऊन गेले. झाडाला चोळणार म्हणे, डुकरं जवळ येतात.

सोमवारी मी गुपचूप ऑफिसला गेलो. लॅबमध्ये माझं नेमकं काम काय, हे मघाशी सांगायचं मी मुद्दामच टाळलं. कडाक्याच्या थंडीत कोणतं तेल गोठतं, ते तपासायचं.