कोरडी सुरी

माझ्या नवऱ्याने मला फसवलं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, माझ्या शेजारी उभं राहून, माझीच पिशवी हातात धरून फसवलं. ज्याच्याकडून सुरी घेतली त्या लोहाराने फसवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात गोष्ट उलटी फिरते आहे आणि त्या बिचाऱ्या लोहाराचं नाव फुकट खराब होतं आहे.

मला सहसा कोणी फसवत नाही. साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी आसपासची गावं पालथी घातली, मग सायकल घेतली, मग रस्त्यावरच्या टपरीत बसले. आता त्या टपरीच्या जागी माझं पक्कं दुकान आहे, वर पाटी आहे, आत पंखा आहे. विकणारा नेमका कुठे खोटं बोलतो ते मला बरोबर कळतं, कारण मीही तिथेच बोलते.

सुरीचं प्रकरण गुडघ्यांपासून सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद. आमच्याकडे भाजी चिरायची ती पावशीवर. पुण्याकडे तिला विळी म्हणतात. पाटावर बसायचं, पावशी पायाखाली दाबायची आणि भोपळ्यापासून माशापर्यंत जे येईल ते पात्यावर लोटायचं. माझा सगळा जन्म त्या पात्यासमोर गेला. आता पाट भिंतीला उभा राहिला आणि ओट्यासमोर सून उभी राहिली.

सून गुणाची आहे. तिच्याकडे प्लास्टिकचं एक डबडं आहे. त्यात कांदा टाकायचा, दोरी ओढायची, घर्रर्र आवाज होतो आणि कांद्याचा चिखल निघतो. त्या चिखलाची भाजी ती माझ्यासमोर ठेवते आणि गोड आवाजात म्हणते, "आई, तुम्ही बसा. मी करते ना." ती खरोखर मायेने म्हणते, तेच तर वाईट आहे. भांडता येत नाही. पण घरात ज्या बाईला दिवसातून चारदा बसा म्हणतात ती हळूहळू पाहुणी होते, आणि पाहुण्या बाईला मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते विचारावं लागतं. मला विचारायचं नव्हतं. मला उभ्याने चिरता यायला हवं होतं, आणि त्यासाठी अशी सुरी हवी होती की पावशीची आठवण येऊ नये.

त्यातच व्याही-विहीण रविवारी जेवायला येणार असं ठरलं. मी जाहीर करून टाकलं की चोरखमाऱ्याच्या तळ्याचा रोहू आणायचा, तो मी कापणार, मी शिजवणार, उभ्याने, नव्या सुरीने. सून म्हणाली, "बरं आई." नवरा पेपर वाचत होता.

आधी नवऱ्याला घेऊन गोंदियाला गेले. सोबत पिशवीत दीड किलो पिकलेले टमाटे घेतले. सुरी बघायची तर टमाट्यावर बघायची. कागद काय, कोणतंही पातं कापतं. दुकानदार कागद सर्रकन् कापून दाखवतात आणि आपण माना डोलावतो. पिकल्या टमाट्याची साल न दाबता कापली गेली तर धार, नाहीतर पत्रा.

पहिल्या दुकानातला शेठ लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्या पुढे करून म्हणाला, "बहनजी, एकदम फॉरेन स्टील है."

"टमाटर पे चलाओ."

"टमाटर कहाँ से लाऊँ?"

मी पिशवी उघडली. शेठने आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याने खांदे उडवले. सुरीने टमाटा कापला नाही, चेपून बसवला. रस उडून शेठच्या वहीवर गेला.

"बहनजी, ये दुकान है, रसोई नहीं!"

"रसोई में तो ये चलेगी भी नहीं," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दुकानात शिरले.

अशी आणखी चार दुकानं केली. एकाकडे करवतीसारख्या दातांची सुरी होती. ती म्हणे पाव कापायची. आमच्याकडे पाव कोणी आजारी पडलं तरच येतो. शिवाय ते दात एकदा बोथट झाले की घरच्या दगडावर धार लागत नाही. दुसऱ्याकडची मूठ मी त्याच्या समोरच्या वडेवाल्याकडून हाताला तेल लावून आणून धरली. मूठ मासोळीसारखी निसटली. स्वयंपाकात हात कोरडा कधी असतो? तिसऱ्याकडचं पातं इतकं अरुंद की चिरताना बोटांची पेरं फळीवर आपटत होती. चौथ्याने मला लांबून येताना बघितलं आणि म्हणाला, "टमाटरवाली मॅडम, आज स्टॉक नहीं है." मला इतकं हसू आलं की मी त्याच्याच पायरीवर बसून उरलेले दोन टमाटे खाल्ले.

मग बुधवारी आम्ही मोटारसायकलवर गोरेगावच्या बाजाराला गेलो.

इथे घरातला एक नियम सांगायला हवा. बाजारात माझा नवरा बोलत नाही. फार वर्षांपूर्वी मी एका कपाटाचा भाव अर्ध्यावर आणला होता आणि हा मागून म्हणाला, "कपाट मात्र झकास हाय." दुकानदार तिथेच ताठ झाला. त्या दिवसापासून यांनी पिशवी धरायची आणि चूप राहायचं.

बाजाराच्या टोकाला, धानाच्या बांधीला, म्हणजे भातशेताला लागून, एक लोहार आणि त्याची बायको ताडपत्रीखाली बसले होते. लहानशी भट्टी होती, बायको हाताने पंखा फिरवत होती. समोर पोत्यावर काळ्या सुऱ्यांची रांग. मी एक उचलली आणि हात खूश झाला. पातं रुंद, पाठ जाड, धारेकडे बारीक होत गेलेलं. जिथे पातं मुठीला मिळतं तिथे बोटावर टेकवली तर न डोलता थांबली. मूठ खरबरीत बाभळीची. टमाटा कापला, साल सुटी झाली. तोंडावर मात्र मी काही दाखवलं नाही. उलट नाक मुरडलं.

लोहाराने भाव सांगितला. मी अर्धा सांगितला.

"बाई, ट्रकच्या पाट्याचं पोलाद होय जी. याच्यावर ट्रक उभा राहते."

"मले ट्रक नाही उभा करायचा. मासा कापायचा हाय."

त्याची बायको खुदकन हसली. मला जोर आला. मी मुठीतली रेघ दाखवली, ती लाकडाची होती. मी पात्यावरचा डाग दाखवला, तो टमाट्याचा होता. शेवटी तो म्हणाला, "जमवू जी. पानी देऊन नेता का अशीच नेता? पानी देतो तं थोडे पैसे जास्त लागतीन, अन् अर्धा घंटा बसा लागन."

पाणी हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं फिरलं. त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका व्यापाऱ्याने गोदामात पाणी शिरून भिजलेल्या साड्या इस्त्री करून मला विकल्या होत्या. गावात नेल्यावर घडीवरच फाटल्या. कापडाच्या धंद्यात पाणी लागलेला माल म्हणजे मेलेला माल.

"पानी? पानी लागलेला माल देऊन राहिला का मले?"

"लागलेला नाही जी, देतो म्हनतो."

"अन् वरून पैसे जास्त! मले कोरडी पाहिजे. एकदम कोरडी. थेंब लागला नाही पाहिजे."

लोहाराने बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "अवं..."

"तुमी चूप राहा."

तो चूप राहिला.

"कोरडीच पाहिजे?" लोहाराने पुन्हा विचारलं. "तुमच्या गावात लोहार हाय का जी?"

"हाय. त्याचं काय?"

"काही नाही जी. मंग ठीक हाय."

मी सुरी घेतली आणि परतीच्या वाटेवर सबंध रस्ता बोलत होते. कसा भाव पाडला, कसा त्याचा डाव ओळखला. मोटारसायकल चालवताना नवऱ्याची पाठ हलत होती. मला वाटलं रस्ता खराब आहे. घरी मी सुनेला सुरी दाखवली, शेजारणीला दाखवली. शुक्रवारी मी त्या सुरीने दोडके चिरले, शनिवारी कांदे, आणि नवऱ्याने जेवताना सुरी हातात घेऊन, अंगठा फिरवून, माझ्या तोंडावर म्हटलं, "मस्त कोरडी हाय." हे शब्द लक्षात ठेवा.

रविवारी रोहू आला. दोन किलोचा, डोळे चमकणारा. विहीण ओट्यापाशी येऊन उभी राहिली. सून फळी धुऊन बाजूला झाली. मी पदर खोचला, खवले काढले, पोट फाडलं, सगळं लोण्यासारखं झालं. मग डोकं वेगळं करायला सुरी मानेवर ठेवली आणि वरून तळहाताने दाबली. कणा तुटला नाही. सुरी वर उचलली तर धार एका बाजूला वळलेली होती, चपातीची कड दुमडावी तशी. मी उलटी करून मारली. दुसऱ्या बाजूला वळली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा रोहू फळीवरून उडून विहिणीच्या पायावर पडला.

सून अगदी हळू म्हणाली, "आई, तुम्ही बसा."

मी बसले! पावशी ओढली, पाट टाकला आणि डॉक्टरांना जे म्हणायचं ते म्हणोत असं ठरवून खाली बसले. खटाखट सगळा रोहू कापला. मग उठता येईना. एका बाजूने सून, दुसऱ्या बाजूने विहीण, मागून व्याही "एक, दोन, तीन" म्हणत होते. मी वर आले तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. मी रडतही होते, पण माशाच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते. रस्सा सुनेने केला. चांगला केला, हे जास्त लागलं.

पुढच्या बुधवारी मी ती वाकडी सुरी घेऊन लोहारासमोर उभी राहिले आणि अख्खा बाजार गोळा होईल इतक्या आवाजात बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. सुरी हातात घेऊन कानस फिरवली. कानशीने पातं सहज खरवडलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमीच म्हनल्या न जी, कोरडी पाहिजे. मले वाटलं तुमच्या गावचा लोहार पानी देईन."

त्याने मूठ ठोकून काढली, धार सरळ केली, पातं भट्टीत घातलं. बायकोने पंखा फिरवला. पातं पळसाच्या फुलाच्या रंगाचं झालं तसं त्याने ते चिमट्याने उचलून शेजारच्या बादलीत बुडवलं. चर्रर्र झालं, वाफ माझ्या तोंडावर आली. मग त्याने पुन्हा कानस लावली. या वेळी ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

"हे पानी होय जी. हे नाही दिलं तं लोखंड नरम राहते. पानी दिल्यावर मंग ते पोलाद."

गर्दीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मलाही हसू फुटलं. एवढी घासाघीस करून मी सुरीचा जीवच भावातून वजा करून आणला होता. लोहाराने थोडी ऊब देऊन पातं निववलं, धार काढली, मूठ बसवली आणि पैसे घेईना. मी जबरदस्तीने दिले. माझ्या आयुष्यातली ती पहिली उलटी घासाघीस.

आता ओट्यासमोर मीच उभी असते. रोहूचा कणा एका दाबात तुटतो. सुनेने डबडं माळ्यावर टाकलं आणि परवा मला विचारलं, "आई, कांदा असा बारीक कसा करता, दाखवा ना." तेवढं मिटलं.

पण त्या दिवशी वाफ निवली तेव्हा माझ्यामागे कोणीतरी पोट धरून हसत होतं. वळून बघितलं तर माझा नवरा. पिशवी खाली, डोळ्यांत पाणी.

"माझ्या बापाचे विळे दरसाल धान कापायच्या आधी मीच तं पानी देऊन आनत होतो," तो म्हणाला.

"तुमाले माहीत होतं?"

"लहानपनापासून."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तूच तं म्हनली, चूप राहा."

हे उत्तर मला मान्य नाही. अजी, बाजारात चूप राहा म्हटलं होतं, घरी कोणी म्हटलं होतं? अर्धा तास मोटारसायकलवर माझ्यापुढे बसून हसले, चार दिवस एका ताटाजवळ जेवले, सुरीवर अंगठा फिरवून मस्त कोरडी हाय म्हणाले. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे मी लग्नापासून सांगते आहे. बिडी अंगणात ओढा, हे रोज सांगते. आजवर माझं एक अक्षर ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हेच? मी हे लिहून काढलं आहे, सून वाचेल, व्याही वाचतील. सगळ्यांसमोर सांगा, काऊन चूप राहिले?