दत्ताच्या गोळ्यांवर माजा शक

वालूरच्या बाजारात दाढीला बसलो व्हतो. अर्धी झाली आन फोन आला, दत्ता गेला. तसाच पळालो. अर्ध्या दाढीनं मयतीला गेलेला मानूस मीच... लोक दत्ताला सोडून माज्याकडंच बघायलते.

दत्ता माजा दोस्त. बोअरच्या मोटारी काढायचा. त्याला आन सुमनवहिनीला एचआयव्ही. हे लिहिताना नाव टाकू का म्हून इचारलं, तर वहिनी म्हनल्या, "टाका की. चोरी केली काय आमी?" दोघं बी कैक वर्सं परभणीहून गोळ्या आनून खायलते. रिपोर्टात विषाणू घावना म्हून दत्तानं पेढे वाटले, मी तर पेढा बी हुंगून खाल्ला. मंग असा तगडा गडी बोअरचा पाईप वर ओढता ओढता छाती धरून मरतोच कसा?

पयला शक त्याच्या चुलतभावावर, तो लय रडायलता म्हून. मंग गोळ्यांवर. तेराव्याला वहिनीला बाजूला घेतलं. "ह्या गोळ्यांनीच घात केला. बंद करा." चार दिसांनी कळालं, त्यांनी खरंच सोडल्या... आजवर माजं घरच्या कुत्र्यानं ऐकलं न्हाई, आन ऐकलं कुनी तर हे!

तसंच त्यांना परभणीला नेलं. डॉक्टरीनबाई भडकल्या. "विषाणू दबला होता, पण शरीर आत धुमसतच राहतं. रक्तवाहिन्यांना आतून बारीक सूज राहते, हृदयाला धोका वाढतो. त्यात त्यांचं बीपी, बिडी. गोळी सोडली तर ते जास्तच पेटतं!"

मी माज्या खिशातलं बिडीचं बंडल आत दाबत म्हनलं, "बाई, तुमी कंपनीकडून तर न्हाई ना बोलायल्या?"

वहिनीच बोलल्या, "भावजी, बोअरच्या पाईपाला आतून क्षार धरतो. पानी येतंय तवर वरून कळतं का?" बाईंचं न्हाई, हे पटलं. वहिनीनं तिथंच गोळी घेतली.

आज दीड महिना झाला. दत्ता सांजच्याला फाटकातूनच वरडायचा, "सुमन, घेतली का?" आता मी वरडतो.

"घेतली, भावजी."

माजा इश्वास न्हाई. "डबी दावा."

डबी दावायला त्या फाटकापाशी येतात, माज्याकडं डोळे बारीक करून बघतात...

"दावली. आता तुमी तोंड उघडा, बिडीचा वास बघू दे."