फौजदारबाईंचा चहा

आमची कंपनी लोकांना वेबसाइट ठेवायला भाड्याने जागा देते. त्या जागेवरून कोणी अनोळखी लोकांना ढिगाने ईमेल पाठवायला लागलं, की तक्रारी येतात त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथे फौजदारबाई बसतात. हे नाव आम्ही ठेवलं, आणि त्यांना ते मनातून आवडतं, पण कबूल करायच्या नाहीत.

एका सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं असतात, एका जिन्यातल्या बिऱ्हाडांसारखी. एकाने कचरा फेकला की बाहेरचे लोक अख्ख्या जिन्यालाच नाक मुरडतात आणि शेजाऱ्यांच्या साध्यासुध्या ईमेलही परत येतात. म्हणून बाईंचा नियम असा: आधी गुन्हेगाराला फोन करायचा, मग कपभर चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत पाठवणं थांबलं तर ठीक, नाहीतर खातं बंद. भल्याभल्या दुकानदारांनी गयावया केली, एकाने तर वकिलाचा धाक घातला. बाई आपल्या चहावर फुंकर घालत बसल्या.

त्या सकाळी तक्रारींचा ढीग पडला तो एका शिवणक्लासमुळे. ‘तुमचं उसवलेलं तुम्हीच शिवा’ असा मथळा देऊन कोणीतरी दिसेल त्याला ईमेल धाडत सुटलं होतं. त्याच सर्व्हरवर एक दवाखाना होता. त्याच्या पेशंटांना तपासणीच्या वेळा कळेनाशा झाल्या होत्या. बाईंनी खात्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. क्लास त्यांच्या आत्याचा होता. बाईंना लहानाचं मोठं केलं ती हीच आत्या, आणि तिची वेबसाइट इथे आणली होती ती बाईंनीच.

तरी फोन केलाच. आत्याने अडचण सांगितली: या महिन्यात नवे विद्यार्थी मिळाले नाहीत तर क्लासची खोली सोडावी लागणार होती. कोणा ओळखीच्याने तिला ईमेलच्या पत्त्यांचं गाठोडं देऊन, आता रांग लागेल बघा, असं पटवलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, की ते आधी थांबव, मी चहा मागवतेय.

क्लास आमच्या मागच्याच गल्लीत. बाईंचा चहा यायच्या आत आत्याच येऊन ठेपली, हातात भलामोठा थर्मास घेऊन. नियम तिला तोंडपाठ होता; घरी जेवताना बाईंनीच तो ऐकवून ऐकवून कान किटवले असणार.

“आज माझ्या हातचा पी,” तिने थर्मास टेबलावर ठेवला. “सावकाश पी. हा संपेपर्यंत माझ्या सगळ्या मेल पोचतात.”

खरं सांगायचं तर आम्ही सगळे आत्याच्या बाजूने होतो. साहेबसुद्धा उगाच स्क्रीनकडे बघत बसले होते.

बाई उठल्या. कपाटातले होते नव्हते तेवढे कप काढले आणि आम्हा प्रत्येकाच्या हातात चहा दिला. सर्व्हरच्या खोलीतल्या गारठ्यात जाकीट घालून काम करणाऱ्यांनाही बोलावून आणलं. थर्मास बघता बघता रिकामा झाला. शेवटचा कप बाईंनी कढत कढत एका दमात संपवला आणि खातं बंद केलं. डोळ्यांत पाणी आलं ते तोंड भाजल्यामुळे, असं त्या अजूनही सांगतात. मला ते पटत नाही.

आत्या खुर्चीत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

“सगळ्यांनी तक्रारच केली का गं?” तिने हळूच विचारलं. “क्लासचं कुणीच नाही विचारलं?”

“एकीने विचारलं. शनिवारी जागा आहे का म्हणून.”

“कोणी?”

“मी.”

आजवर बाईंची तुटलेली बटणं आत्याच लावत आली होती. मग ज्याच्या जाकिटाची चेन कधीच लागत नसे त्यानेही शनिवारचं विचारलं. त्याच्यामागून मी, आणि शेवटी घसा खाकरत साहेब. चहा प्यायला होता, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पत्त्यांचं गाठोडं पुसून टाकल्यावर वेबसाइट पुन्हा सुरू झाली. खोलीही राहिली.

पहिल्याच शनिवारी बाईंची शिवण सापासारखी वाकडी गेली. आत्याने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

“उसव आणि परत घाल,” ती म्हणाली. “माझा चहा संपेपर्यंत.”

बाई मान खाली घालून उसवायला लागल्या. आत्याने कप उचलला, आणि तो चहा पार गार झाला तरी ती पीतच होती.