केवळाआत्याचा जळफळाट

लातुरात केवळाआत्याची खानावळ क्लासवाल्या पोरांनी दोन्ही वेळा भरलेली असायची. परक्यांच्या पोरांना ती हौसेनं जेवू घालायची. पण स्वतःचा सुदर्शन शेजारच्या सालेहाकडं दोन घास खाऊन आला, की तिचं डोकं फिरलंच म्हणून समजा. मी तिचा भाचा. जीवशास्त्राचे क्लास घेतो आणि जेवतो तिच्याकडंच, त्यामुळं हा जळफळाट माझ्या ताटात रोज गरमागरम पडायचा.

दुखणं भूकंपातलं. किल्लारीकडच्या आमच्या गावातलं तिचं मातीच्या छताचं माळवद कोसळलं, त्यात तिचे मालक गेले आणि तिची कंबर मोडली. लातूरच्या दवाखान्यात जखमींना डबे घेऊन येणाऱ्यांत ही सालेहा होती, निजामोद्दीन स्टोव्हवाल्यांची बायको. तिनं तीन वर्षांच्या सुदर्शनला उचलून घरी नेलं. आत्या चालायला लागली तोवर पोरगं सालेहाला अम्मी म्हणत होतं आणि आईला बघून अम्मीच्याच मागं लपलं. पुढं निजामोद्दीनमियांनी आपल्या घराला लागून खोली दिली, तिथंच खानावळ सुरू झाली. क्लास वाढले तशी तीही वाढली. आत्याला उपकार मान्य होते, पण ते लपणं तिनं कधी माफ केलं नाही.

सुदर्शन मेडिकलसाठी दुसऱ्यांदा तयारी करत होता, तेव्हा त्याच्या शौचातून रक्त जायला लागलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडं बघून अल्सरेटिव्ह कोलायटिस सांगितलं. कोणता किडा शिरलाय, असं आत्यानं मला विचारलं. आता क्लासमध्ये मी हा धडा दोन मार्कांपुरता उरकायचो. आत्यापुढं तसं चालत नव्हतं.

किडा नाही, म्हणालो. आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात, ते घरचेच. आतल्या अस्तरावर आणि त्यामागच्या रक्षक पेशींवर जन्मजात पहारेकरी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. जंतूंच्या अंगावरच्या खुणांवरून ते त्यांना ओळखतात. एरवी घरच्या जंतूंची चाहूल घेत ते अस्तराची डागडुजी चालू ठेवतात, म्हणून ते जंतू मारून टाकायचेही नाहीत. पण काहींच्यात ही व्यवस्था बिघडते. भूकंपानंतर साधा ट्रक गेला तरी आपण पत्र्याच्या शेडमधून ओरडत बाहेर पळायचो, तसे हे पहारेकरी घरच्या जंतूंवरही बोंब मारतात. मग रक्षक पेशींची झुंबड उडते, सूज येते आणि त्या धुमश्चक्रीत आपलंच अस्तर सोलून निघतं. गोळ्या ही सूज आवरतात. बरं वाटलं तरी त्या सोडायच्या नसतात.

"म्हंजे घरच्यालाच परकं समजून बोंबलत्यात?" आत्या म्हणाली.

मी हाव म्हणालो.

गोळ्या सुरू झाल्या. खानावळीतल्या फोडणीच्या वासानं सुदर्शनला मळमळायचं, म्हणून तो सालेहाकडं मऊ भात आणि पातळ वरण खायला जायचा. आत्यानंही तसाच भात केला, पण तो ताटात तसाच राहिला. महिन्याभरात रक्त थांबलं. गुण गोळ्यांचा होता, पण गल्ली म्हणाली सालेहाच्या हाताला गुण आहे. झालं! आत्या पेटलीच. तिनं सुदर्शनला रडून घरी आणलं, आपल्या हातचं खाऊ घातलं आणि गोळ्या बंद करायला लावल्या. गुण आपल्या अन्नाचा येतो हे तिला दाखवायचं होतं, आणि गोळ्या चालू असल्या तर ते कुणी मानलं नसतं. आईच्या रडण्यापुढं पोरानं ऐकलं. मला दोघांनीही पत्ता लागू दिला नाही.

रोग दुप्पट जोरानं उलटला. सुदर्शनला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. औषधांनी सूज उतरली नाही तर मोठं आतडं काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आत्यानं गोळ्या बंद केल्याचं सांगून टाकलं.

सुदैवानं औषध लागू पडलं. रक्त कमी झालं आणि डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितलं. आत्यानं चमचा पुढं केला. सुदर्शननं तोंड फिरवलं. त्याला राग आला नव्हता, आईच्या हातचं खाल्लं की पोटात कळ येते ही भीती त्याच्या अंगात बसली होती. आत्यानं दोनदा, तीनदा चमचा पुढं करून बघितला. मग मला सालेहाला आणायला पाठवलं.

सालेहा आली ती दारातच थबकली. आत्यानं पेजेची वाटी तिच्यापुढं धरली.

"सालेहा, मी तुझ्यावर लई जळते. आताबी जळायलेय. पण ह्याला तू भरव."

"भाभी, तुम्ही बी इथंच बसा," सालेहा म्हणाली.

ती एकेक चमचा भरवत राहिली आणि सुदर्शन खात राहिला. आत्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून प्रत्येक घास बघत होती, आणि तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. थोडी पेज त्याच्या हनुवटीवर ओघळली. सालेहानं पुसायला ओढणीचं टोक उचललं, तर आत्यानं तिचं मनगट धरलं.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली, आणि आपल्या पदरानं पोराचं तोंड पुसलं.