पडलेल्याकडे बघायचं नाही

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळपासून ऊन. उशांचे अभ्रे धुतले. भाऊजी जेवले नाहीत, नुसता चहा घेऊन मैदानावर गेले. सामना आपल्या कारखान्याने जिंकला, दोन-एक. भिंगरी मैदानात कोसळला, त्याला दवाखान्यात नेले आहे. भाऊजींचा डबा घेऊन तिकडे निघते आहे.

वहिनींच्या रोजनिशीतले हे भाऊजी म्हणजे मैदानावरचे मास्तर. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ते भांडार सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर, थोरला भाऊ गेल्यानंतर, ते वहिनींच्या घराच्या मागल्या खोलीत राहायला आले आणि कारखान्याच्या फुटबॉल संघाला शिकवू लागले. लग्न केलंच नव्हतं. "आमची वरात मैदानातच अडकली," असं स्वतःच सांगून हसायचे.

संघ त्यांच्या हाती आला तेव्हा लोक तो बघायला यायचे ते करमणुकीसाठी. चेंडू पायात असेपर्यंत ही मंडळी वाघ, चेंडू गेला की शेळ्या. कोणी कपाळावर हात मारायचा, कोणी पंचाकडे दाद मागायचा, कोणी चुकीचा पास देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभा राहायचा. तेवढ्यात समोरचे गोल करून मोकळे.

मास्तरांनी गोल कसा करायचा ते शिकवलंच नाही. चेंडू गेल्यावर काय करायचं, एवढंच शिकवलं. मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याने लहानसा चौकोन आखायचे, सगळ्यांना त्यात कोंडायचे, आणि खेळ रंगात आला की शिट्टी मारून, काही कारण नसताना, चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचे. मुद्दाम केलेला अन्याय. पोरं चिडायची. मास्तर म्हणायचे, "सामन्यात पण असंच होणार आहे. जवळचा अंगावर जाईल, दुसरा वाट अडवेल, बाकीचे मागे येऊन आपलं घर आवरतील. हळहळ अंथरुणात पडल्यावर करा." जो थांबेल, हात वर करेल, मागे वळून बघेल, त्याने मैदानाला फेरी मारायची.

वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, घरात दूध उतू गेलं तर पेपरातून मान वर काढत नाही तुम्ही. तिथे बरी घाई सुचते."

"दूध गेलं ते परत मिळत नाही, वहिनी. चेंडू मिळतो."

भिंगरी हे त्या संघातलं रत्न. कारखान्यात कटाईच्या यंत्रावर असायचा. मैदानाच्या कडेने अशी गिरकी घेत सुटायचा की समोरच्याला घेरी यावी. खोड एकच. चेंडू हिसकावला गेला की नडगी धरून लोळायचा. सगळा संघ त्याच्याभोवती गोळा व्हायचा, आणि समोरच्यांनी गोल केला की हा दात काढत उठून उभा. त्याच्यापायीच मास्तरांनी शेवटचा नियम केला: पडलेल्याकडे बघायचं नाही. "त्याला पंच बघेल. आपण चेंडू बघायचा." सरावात ते भिंगरीला मुद्दाम आडवं पाडून ठेवायचे आणि बाकीच्यांना त्याला ओलांडून पळायला लावायचे. महिनाभर हेच चाललं. शेवटी ते त्यांच्या अंगवळणी पडलं.

भिंगरीच्या आईला हे कळलं तेव्हा ती वाटेत थांबून म्हणाली, "बरं केलंत, मास्तर. लहानपणी शाळेच्या वेळेला बरोबर पोटात कळ यायची त्याच्या. रविवारी कधी नाही."

संघ जिंकू लागला. आणि त्या रविवारी, जिंकलं तर थेट अंतिम सामना, अशी वेळ आली.

एक-एक अशी बरोबरी होती. पलीकडच्या कडेला भिंगरीकडून चेंडू निसटला आणि तो पडला. नडगी धरली नाही, लोळला नाही. तोंडावर पडला, हात अंगाखालीच राहिले. मास्तरांनी ते पाहिलं. काहीतरी निराळं आहे असं त्यांना वाटलंही, पण ते वाटणं मनात पुरतं उमटायच्या आत कप्तान घुटमळताना दिसला, आणि इतक्या दिवसांची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"सोड त्याला. चेंडू बघ."

कप्तान धावला. सगळेच धावले. जवळचा अंगावर गेला, दुसऱ्याने वाट अडवली, चेंडू परत मिळाला आणि गोल झाला. शिकवलं होतं अगदी तस्सं. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. पंच चेंडूमागे पळाला होता. भिंगरीजवळ समोरच्या संघाचा एक बचावपटू उभा राहून दोन्ही हात हलवत होता. गोल रद्द करून घ्यायची ही युक्ती असणार, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

दवाखान्याच्या बोळात सगळा संघ घामेजल्या जर्सीतच बसला होता. कोणी पाय हलवला की बुटांचे खिळे फरशीवर वाजायचे. वहिनींनी नेलेला डबा बाकाखाली तसाच राहिला. भिंगरीचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, पण मेंदूला रक्त पोचायला उशीर झाला होता.

"जरा आधी आणला असता तर?" मास्तरांनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

कप्तान मास्तरांच्या शेजारी येऊन उभा राहिला. "मी थांबणार होतो, मास्तर."

"माहीत आहे मला."

"तुम्ही ओरडलात."

"हो."

भिंगरीची आई बाकावर बसली होती. तिने मास्तरांना बसायला जागा करून दिली. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी हसले हो. तो पडला तेव्हा. तिथेच शेजारणीला म्हटलं, झालं ह्याचं सुरू."

"नियम माझा होता," मास्तर म्हणाले.

"मीच तर म्हटलं होतं, बरं केलंत."

तिने त्यांना शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं.

सोमवारी दुपारी भिंगरी गेला.

कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, अंतिम सामना त्याच्या आठवणीसाठी खेळा. गुरुवारी मास्तर मैदानावर गेले. कप्तानाने चौकोन आखून ठेवला होता. खेळ सुरू झाला. मास्तरांना शिट्टी मारावीच लागली नाही, चेंडू आपसूकच निसटला. कोणी धावलं नाही. सगळे आपापल्या जागी उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले, जणू कोणी पडलंय का ते तपासत होते. चेंडू घरंगळत रेषेबाहेर गेला.

कप्तान म्हणाला, "सांगा ना, मास्तर. तुम्ही सांगितल्याशिवाय पाय उचलत नाहीत."

मास्तरांनी शिट्टी ओठांना लावली. त्यांच्या डोळ्यांसमोर ती पलीकडची कड आली. त्यांनी शिट्टी खाली घेतली.

"आता माझ्याच्याने सांगवणार नाही."

"मग रविवारी हरू आम्ही."

"हराल."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी चेंडू जाळीत भरले, सामानाच्या खोलीची किल्ली कप्तानाच्या हातात ठेवली आणि घरी आले.

वहिनी भाजी निवडत होत्या. "लवकर संपला सराव?"

"संपला."

"उद्या किती वाजता?"

"उद्या नाही. मी सोडलं ते." ते स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि भांडं हातात तसंच धरून उभे राहिले. "वहिनी, पाना कुठे ठेवलाय?"

वहिनींनी फडताळाकडे बोट दाखवलं. समजूत घालायला गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं: स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. भाऊजींनी वायसर बदलला.