अक्काला नावं सापडत नव्हती

अक्का गेली. आणि जाईपर्यंत तिला माझं नाव आठवलं नाही.

हे आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिणं होणार नाही.

आज दुपारी कळंबला तिला निरोप दिला. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. अक्काला दारात बसवलं होतं, कपाळाला विभूती, अंगावर तिची आवडती जांभळी साडी. शरणार्थ म्हणत, म्हणजे नमस्कार करत, माणसं येऊन अंगणात सतरंजीवर बसली होती. जंगमस्वामींनी मंत्र म्हणता म्हणता तिचं पूर्ण नाव घेतलं.

तशी सतरंजीवरची निम्मी माणसं उठून उभी राहिली.

एसटीचा कंडक्टर, मेडिकलवाला, अडतीवरचा एकजण, दोन शिक्षिका. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं.

बेंबळीचे मामा दचकले. "काय झालं रे? इचू निघाला का काय?"

मी म्हणालो, "न्हाय मामा. अक्काचे विद्यार्थी हायत ते."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत इंग्रजी शिकवायची.

कॅपिटल लेटर कुठं आणि स्मॉल कुठं, हे तिनं फळ्यावर कधी शिकवलंच नाही. ती वाक्य वाचायची आणि अख्खा वर्ग ऐकायचा. नुसती वस्तू आली की बसून राहायचं. कुणाचं खास नाव आलं की कॅपिटलसारखं ताठ उठायचं.

बस, गाव, नदी, बाई... बसा.

कळंब, तेरखेडा, मांजरा... उठा!

शेजारच्या वर्गावरचे सर वैतागायचे, कारण बाकं सारखी धाडधाड वाजायची. अक्काला त्याचं काही नव्हतं.

एकदा फातिमा नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, सिस्टरला उठायचं का बसायचं?"

अक्का म्हणाली, "माझी सिस्टर म्हणलं, तर बसून राहा. पण तिला सिस्टर म्हणून हाक मारली, तर उठा. हाक मारली की तेच तिचं नाव."

त्या वर्गात मीही होतो. घरी अक्का, शाळेत मॅडम.

सगळं गाव मला बश्या म्हणतं. बायकोच्या माहेरचेसुद्धा माघारी बश्याच म्हणतात, मला माहीत आहे. अक्का एकटी बसवराज म्हणायची. आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. आंघोळ घालताना बसवराज, पाठीत धपाटा घालतानाही बसवराज.

मागच्या दिवाळीनंतर तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले. बोलणं परत आलं. नावं तेवढी आली नाहीत.

चहा म्हणायची. खिडकी म्हणायची. कळंबला मात्र 'गाव' म्हणायची, आणि मला 'ए माणसा'.

सुरुवातीला मी हसलो. मग माझं डोकं फिरलं.

रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहायचो. "अक्का, बसव... पुढं काय?" जुने फोटो दाखवले. लातूरचे डॉक्टर झाले, बार्शीचे झाले. येरमाळ्याच्या देवीला साकडं घातलं. दोन्ही डॉक्टर एकच सांगायचे, वाट बघा. वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही.

शेवटी मी तिचा वर्ग भरवला.

फोन करकरून तिची जुनी पोरं गोळा केली. पोरं कसली, काहींचे केस पांढरे झालेत. आमच्या बैठकीत दाटीवाटीनं बसली. फातिमा आता स्वतः शिक्षिका आहे, ती वाक्यं वाचायला लागली.

"बस" आली. अक्का शांत.

"कळंब" आलं. अक्काचा हात झटकन वर! सगळे उठले.

"पाऊस". हात खाली.

एकदाही चुकली नाही. खास नाव आलं की तिला बरोबर कळत होतं. ते तोंडातून काढता येत नव्हतं, एवढंच.

मग फातिमानं वाचलं, "बसवराज."

हात वर गेला. मी उभा राहिलो. वाटलं, आता म्हणते. आता म्हणतेच.

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "ए माणसा, बाजूला सरक. मागच्या लेकरांना दिसंना."

सगळे हसले. तीही हसली. मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो.

परवा दुसरा झटका आला.

काल संध्याकाळी ती थोडी शुद्धीत होती. मी पुन्हा तेच सुरू केलं. दुसरं काही सुचतच नव्हतं मला. जणू नाव आलं असतं तर ती राहिली असती.

"अक्का, एकदाच म्हण. माझ्या मागं म्हण. बस... व... राज."

तिनं ओठ हलवले. आवाज फुटेना. घाम आला तिला.

बायको म्हणाली, "अवो, बास करा आता. लई तरास व्हायलाय त्यान्ला."

मी थांबलो नाही. "एकदा, अक्का. तुझ्या पाया पडतो."

अक्कानं माझा शर्ट मुठीत धरला. एकेक शब्द शोधत म्हणाली, "तू कोण हायस... ते कळतंय की मला. नाव तेवढं सापडंना."

"मंग सांग ना. कोण हाय मी?"

मुठीतला शर्ट तिनं जवळ ओढला.

"माझा."

सकाळी गेली.

भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतोय, अरे, ह्याच्याहून मोठं काय असतं? भाग्यवान आहेस.

असेन. पण मला नाव पाहिजे होतं. अजून पाहिजे. मोठं मन वगैरे मला दाखवता येत नाही. मघापासून तिच्या खोलीच्या दारात उभा आहे आणि कान आतच लागलेत.

अक्का, एवढ्यावर माझं भागत नाही गं.

तुझ्या सगळ्या पोरांचा, आणि माझा, तुला अखेरचा शरणार्थ.